दुर्बीण द्या, पण बंदुकीवर नको

रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेलं पीक आता पीकविम्यात धरलं जाणार, अशी घोषणा दिल्लीत कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. २०२६ च्या खरिपापासून, राज्याने अधिसूचित केलेल्या प्राण्यांसाठी, नुकसान झाल्यापासून ७२ तासांत ॲपवर फोटो टाकायचा, अशी ही योजना. पैसे मिळतील तेव्हा मिळतील. पण रात्री दोन वाजता भुईमुगात घुसलेला कळप दिसणार कसा, हा जागलीला जाणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यामुळे थर्मल दुर्बिणीबद्दल कुतूहल वाढलं आहे. टेक्सासमध्ये दोन मित्र गाडी घेऊन निघतात, काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके पळतात आणि एकेक ठिपका आडवा होतो, असे व्हिडिओ मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. ते पाहून ‘आपल्याकडे हे का नाही?’ असं कुणी विचारलं, तर त्याला मूर्खात काढू नये. पीक गेलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे.

मात्र टेक्सासमधलं डुक्कर तिथलं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आणलेल्या डुकरांची ती रानटी झालेली प्रजा आहे. तिची संख्या वीस लाखांच्या वर मानली जाते आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर तिला मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. वाघ-बिबट्यांचं भक्ष्य आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे.

आता यंत्राकडे येऊ. थर्मल दुर्बिणीला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे किरण ही दुर्बीण टिपते. साध्या काचेतून ते जात नाहीत, म्हणून तिचं भिंग जर्मेनियम या महागड्या धातुसदृश पदार्थाचं असतं आणि किंमतही त्याच मानाने चढते. तापमानात अंशाच्या छोट्या भागाचा फरक असला, तरी तो पडद्यावर उमटतो. थंडीच्या रात्री हरभऱ्याच्या मोकळ्या रानात उभा असलेला कळप शेकडो मीटरवरून लख्ख दिसतो, यात अतिशयोक्ती नाही.

पण हरभऱ्याच्या रानातून उसाच्या फडात जा. तिथे तीच दुर्बीण आंधळी होते, कारण पानांच्या भिंतीपलीकडचं तिला काही दिसत नाही आणि डुक्कर दडतं ते नेमकं उसात, ज्वारीत, तुरीत. मे महिन्यात विदर्भातली तापलेली जमीन आणि दगड रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, तेव्हा जनावर आणि जमीन यांतला फरक पुसट होतो. दिल्लीकडच्या जानेवारीतल्या दाट धुक्यातही तिचा पल्ला झपाट्याने कमी होतो.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. काहीतरी आहे हे कळणं, ते जनावर आहे हे कळणं आणि ते रानडुक्करच आहे हे कळणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्येच या पायऱ्यांचे निकष मांडले. पहिल्या पायरीला जेवढे चित्रबिंदू लागतात, त्याच्या कितीतरी पट तिसरीला लागतात. म्हणजे ज्या अंतरावर ठिपका दिसतो, त्या अंतरावर तो कोण आहे हे कळत नाही. घोंगडी पांघरून बांधावर ओणवा बसलेला माणूस दुरून कसा दिसेल? घोंगडी त्याची ऊब अडवते. चेहरा आणि हात एवढंच उजळतं. बाकी राहतो एक बुटका, धूसर आकार.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने अंधारात आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तो गेला. बाकीच्यांनी पोलिसांत जाण्याऐवजी मृतदेह जंगलात दडवला. त्यांच्याकडे थर्मल दुर्बीण असती, तर तो माणूस वाचला असता का? हातात धरायची असती तर कदाचित वाचला असता. बंदुकीवर बसवलेली असती तर मला खात्री नाही. हातातल्या दुर्बिणीने माणूस आधी पाहतो आणि मग ठरवतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीने रान न्याहाळायचं, तर ज्याच्याकडे पाहू त्याच्यावर नळी रोखलेली असते. शिवाय डुकराच्या मागे काय आहे, हेही पडद्यावर नीट कळत नाही. वाडी असेल, रस्ता असेल. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर पुढे जाऊ शकते.

हे आपल्या कायद्याला एके काळी नीट माहीत होतं. १९७२ चा मूळ कायदा परवानाधारकांना शिकार करू देत होता, तरी त्याच्या कलम १७ ने सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायला, कृत्रिम प्रकाश वापरायला आणि वाहनातून गोळी घालायला खास परवानगीशिवाय मनाई केली होती. १९९१ मध्ये शिकारीचे परवानेच बंद झाले आणि ते कलमही वगळलं गेलं. आता उरलं आहे कलम ११. जीवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी रानडुक्कर मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने जुलै २०१५ च्या शासननिर्णयात रानडुक्कर आणि नीलगायीसाठी ही वाट सोपी केली. मारलेलं जनावर मात्र कलम ३९ नुसार सरकारचं. त्याचं मांस खाणं गुन्हाच.

वाट कागदावर सोपी असली, तरी लोक अजून चोरवाटेनेच जातात. विदर्भात कुंपणात वीज सोडतात, त्यात वाघ मरतात आणि शेजारचा शेतकरीही मरतो. कोकणात क्लच वायरची फासकी लावतात, त्यात बिबट्या अडकतो. केरळात २०२० मध्ये स्फोटकं भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण गेली. असे सापळे तिथे रानडुकरांसाठी लावतात. या सगळ्यांच्या तुलनेत दुर्बीण किती सौम्य!

पण ती परवडणार कशी? इथे मिलिंद वाटवे यांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. या जीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत वर्षानुवर्षं नुकसान मोजलं. पंचनाम्याला दिसतं ते तुडवलेलं पीक; पण कोवळेपणी खाल्लेलं, पुढे भरून आल्यासारखं दिसणारं आणि उत्पादनात मार खाणारं पीक पंचनाम्यात येतच नाही. प्रत्यक्ष तोटा नोंदीपेक्षा बराच जास्त निघतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आणि धीट आहे. नुकसानीचा पंचनामा नको, हाती आलेलं पीक मोजा. जंगलाकाठच्या गावाचं सरासरी उत्पादन जेवढं कमी, तेवढा आधार सगळ्यांना द्या आणि ज्याने राखण करून सरासरीपेक्षा जास्त पिकवलं त्याला वर बक्षीस द्या. २०१६ मध्ये त्यांनी या योजनेचं सैद्धांतिक प्रारूप शोधनिबंधात मांडलं. फोटोवर पैसे देणारा विमा पीक गेल्यावर पावतो. वाटवेंची योजना पीक राखल्याबद्दल पैसे देते. तशी योजना असेल, तर गावाने मिळून घेतलेली एक थर्मल दुर्बीण दोन हंगामांत वसूल होऊ शकेल. कळप बांधावर येताच दिसला, तर हाकारा, फटाके, कुत्री पुरतात. गोळी लागत नाही.

गोळी कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी नियंत्रित शिकारीची बाजू उघडपणे मांडली आणि तिच्यात दम आहे. पण नुसतं मारून संख्या आटोक्यात येत नाही, हे युरोपने अनुभवलं आहे. शिकारीचा दाब वाढला की माद्या वर्षाच्या आतच विऊ लागतात, असं फ्रान्समधल्या अभ्यासांत दिसलं. मारायचंच असेल, तर वनखात्याच्या माणसांसमक्ष, उजेड असताना, गावाला दवंडी देऊन मारावं. रात्रीची घाई काय करते, हे यवतमाळने २ नोव्हेंबर २०१८ रोजी अवनी वाघिणीला मारलं तेव्हा पाहिलं. शोधात थर्मल ड्रोन होते, नावाजलेले नेमबाज होते. तरी रात्री झालेल्या त्या गोळीबारात नियम मोडल्याचं राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने म्हटलं.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी एवढीच: विम्याच्या अधिसूचनेत रानडुक्कर न विसरता घाला, जंगलाकाठच्या प्रत्येक वनपरिक्षेत्राला हातात धरायच्या थर्मल दुर्बिणी द्या आणि त्या जागल करणाऱ्या गटांना हंगामापुरत्या वापरू द्या. जागलीला जाणाऱ्यांनीही एक करावं: आज रात्री कोण कुठल्या शेतात आहे, हे अंधार पडण्याआधी एकमेकांना सांगून ठेवावं.