नौकेवरील वीज : लेखांक ६ – बॅटरी भरत का नाही?

मागील लेखांकात शिडाच्या नौकेवरील बॅटऱ्यांचे प्रकार आणि त्यांची क्षमता यांचा विचार झाला. त्या बॅटऱ्या भरताना, म्हणजे चार्ज होताना, येणारे दोष आणि ते शोधून काढण्याची रीत हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. शिडाची नौका वाऱ्यावर चालत असली, तरी सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट, दिशादर्शक दिवे, खोलीमापक, व्हीएचएफ रेडिओ आणि फ्रीज ही साधने बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात, आणि खुल्या समुद्रात ती भरण्यासाठी डिझेल इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर, सौर पॅनेल किंवा पवनजनित्र यांवाचून दुसरा आधार नसतो. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ने २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा न्यूझीलंडमधील लिटलटन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली हा केप हॉर्नला वळसा घालणारा टप्पा एका महिन्याहून अधिक काळाचा होता. अशा टप्प्यावर वीजतंत्रीही नौकेवरच्या माणसांनाच व्हावे लागते, आणि सोबत घेतलेले मोजके सुटे भाग अंदाजाने बदलून पाहणे परवडत नाही. म्हणून या कामात मोजणी आधी आणि पाना नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

तक्रार खरी आहे का?

‘बॅटरी भरत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा बॅटरी भरत असते, पण खर्च आवकीपेक्षा जास्त असतो. वीजसाठा अँपिअर-तासांत मोजतात. १ अँपिअर प्रवाह १ तास वाहिला, तर १ अँपिअर-तास खर्च झाला असे मानतात. समजा, ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर आणि फ्रीज सरासरी २ अँपिअर घेत असेल, तर या दोनच साधनांचा २४ तासांचा खर्च १४४ अँपिअर-तास होतो. शिवाय शिसे-आम्ल बॅटरीतून १०० अँपिअर-तास काढले, तर ते परत भरण्यासाठी सुमारे ११० ते १२० अँपिअर-तास घालावे लागतात. रोज संध्याकाळी तासभर इंजिन चालवणाऱ्या नौकेवर ही तूट दिवसागणिक साचत जाते, आणि आठवड्याअखेर यंत्रणेत कोणताही बिघाड नसताना बॅटरी ‘डाउन’ होते.

आरंभीची तपासणी विश्रांतीतील व्होल्टेजची असावी. बॅटरीला काही तास भार किंवा चार्जिंग दोन्ही न देता मोजलेले व्होल्टेज साधारण १२.६ ते १२.७ असेल, तर शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असते, १२.१ ते १२.२ असेल, तर ती जवळपास निम्मी रिकामी असते, आणि ११.९च्या खाली गेल्यास ती रिकामी झाली असे समजावे. चार्जिंग थांबवल्याबरोबर घेतलेला आकडा मात्र फसवा असतो, कारण त्या वेळी पट्ट्यांच्या पृष्ठभागावर साठलेल्या प्रभारामुळे व्होल्टेज खऱ्या स्थितीपेक्षा जास्त दिसते.

दोन आकडे, एक निदान

यानंतर इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज आणि तारेभोवती क्लॅम्प मीटर लावून प्रवाह, असे दोन्ही आकडे एकाच वेळी घ्यावेत. यांपैकी एकच आकडा पाहून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. दोन्ही एकत्र वाचले की दोष कोठे आहे याची दिशा मिळते.

प्रवाह भरपूर आणि व्होल्टेज १३.२ ते १३.५च्या आसपास असेल, तर बॅटरी रिकामी आहे, अल्टरनेटर आपली ताकद लावत आहे आणि सारे यथास्थित आहे. ही चार्जिंगची पहिली पायरी होय. पुढे व्होल्टेज सुमारे १४.४ वर पोहोचले की रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा नियंत्रक, ते तेथे स्थिर ठेवतो आणि बॅटरी स्वतःच घेत असलेला प्रवाह हळूहळू कमी करते. सुरुवातीला ६० अँपिअर दाखवणारा काटा तासाभरात २० वर आला, की अल्टरनेटर कमजोर झाल्याचा समज होतो. वस्तुतः बॅटरीतील शेवटचा पाचवा हिस्सा संथपणेच भरतो आणि त्याला कित्येक तास लागतात. हा हिस्सा कायम अपुरा राहिला, तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे मऊ कण कठीण स्फटिकांत बदलतात आणि क्षमता घटत जाते. या क्रियेस सल्फेशन म्हणतात.

यामुळेच व्होल्टेज चढे आणि प्रवाह अगदी कमी, या जोडीचे दोन अर्थ संभवतात : बॅटरी खरोखर भरली आहे किंवा सल्फेशनमुळे ती वीज स्वीकारेनाशी झाली आहे. इंजिन बंद करून, काही तास थांबून, माहीत असलेला भार जोडला आणि व्होल्टेज झपाट्याने कोसळले, तर दुसरा अर्थ खरा मानावा. बॅटरीत पाणी घालण्याची सोय असेल, तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. ते पूर्ण भरलेल्या स्थितीत सुमारे १.२६५ ते १.२८ असते, आणि सहांपैकी एकच कप्पा बराच मागे असेल, तर ती बॅटरी बदलण्यावाचून इलाज नसतो.

व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही कमी असतील, तर दोष बॅटरीबाहेर आहे, आणि तो अल्टरनेटरमध्ये आहे की वाटेत, हे पुढील मोजणीने ठरते. व्होल्टेज १५च्याही वर जात असेल, तर रेग्युलेटर निकामी झालेला असण्याचा किंवा व्होल्टेजची जाणीव देणारी त्याची तार सुटलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी बॅटरी तापून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागल्यास इंजिन तत्काळ थांबवावे, ठिणगी पडेल असे काहीही करू नये आणि झडपा उघडून हवा खेळती ठेवावी, कारण बाहेर पडणारा हायड्रोजन स्फोटक असतो.

वाटेत हरवणारे व्होल्टेज

खाऱ्या, दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या नौकेवर दोष सर्वाधिक वेळा सापडतो तो जोडण्यांत. अल्टरनेटरच्या धन टर्मिनलवर १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.४ व्होल्ट मिळत असतील, तर ०.८ व्होल्ट वाटेतील रोधात खर्च होत आहेत. ५० अँपिअर प्रवाहाच्या मार्गात केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी अर्धा व्होल्ट घटतो आणि २५ वॅट उष्णता त्या एका सांध्यावर निर्माण होते. म्हणून चालू इंजिनावर गरम लागणारे टर्मिनल हाच दोषाचा पुरावा असतो. ही मोजणी प्रवाह वाहत असतानाच करावी लागते, कारण प्रवाह नसताना गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवले, की धन बाजूची घट थेट वाचता येते; मग प्रत्येक लग, फ्यूज आणि स्विच ओलांडत पुढे सरकले, की दोषी सांधा उघड होतो.

हीच कृती ऋण बाजूला करण्याचे अनेकदा राहून जाते. मोटारीत लोखंडी सांगाडा परतीच्या मार्गाचे काम करतो. फायबरग्लासच्या नौकेत तशी सोय नसल्याने इंजिनापासून बॅटरीपर्यंतची ऋण तार धन तारेइतकीच जाड आणि निर्दोष असावी लागते. कथिलाचा मुलामा नसलेली तांब्याची तार वरून धड दिसली, तरी आवरणाखाली ओल शिरून आतून काळी पडलेली असते. टोक थोडे सोलून पाहावे आणि तांबे चकचकीत नसेल, तर ती तार बदलावी.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि इतर साधनांची बॅटरी अशा दोन बॅटऱ्या वेगळ्या राखण्यासाठी काही नौकांवर डायोडचे आयसोलेटर बसवलेले असते. साध्या डायोडमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट घटतात, त्यामुळे अल्टरनेटर निर्दोष असूनही बॅटरीला कधीच १४.४ व्होल्ट मिळत नाहीत. रेग्युलेटरची जाणीव-तार थेट बॅटरीला जोडणे किंवा व्होल्टेज ओळखून दोन बॅटऱ्या जोडणारा रिले बसवणे, हे त्यावरचे उपाय होत.

अल्टरनेटर आणि सौर पॅनेल

अल्टरनेटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज वाढत नसेल, तर प्रथम पट्टा पाहावा. ढिला पट्टा घसरतो, भार येताच किंचाळतो आणि कप्पीभोवती काळी भुकटी सोडतो. पट्टा ठीक असेल, तर पॅनेलवरील चार्जिंगचा दिवा तपासावा. अल्टरनेटरच्या फिरत्या वेटोळ्यात चुंबकत्व निर्माण करण्यासाठी आरंभी लागणारा अल्प प्रवाह बहुसंख्य इंजिनांत याच दिव्यातून जातो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी, तो पेटलाच नाही, तर दिवा किंवा त्याची तार तुटलेली असते. असा अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर निष्क्रिय राहतो आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर एकाएकी जागा होतो. आतील एखादा डायोड जळाला असेल, तर प्रवाह कमी मिळतोच, शिवाय मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजल्यास अर्ध्या व्होल्टहून अधिक तरंग दिसू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच क्षणभरही बंद केल्याने उसळणारे व्होल्टेज हे डायोड जळण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

सौर पॅनेलच्या बाबतीत सावलीचा विचार आधी करावा. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे डोलकाठीची किंवा शिडाच्या दोरीची सावली एका घटावर पडली, तरी त्या साखळीचा सारा प्रवाह रोखला जातो. उन्हात तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेजही घटते : २५ अंश सेल्सिअसला १८ व्होल्ट देणारे पॅनेल ६५ अंशांवर सुमारे १५ व्होल्टच देते. बॅटरीलाही उष्णतेत कमी व्होल्टेज लागते. ४० अंशांच्या आसपास तापलेल्या बॅटरीसाठी १४.४ ऐवजी साधारण १४ व्होल्ट ही मर्यादा योग्य ठरते, म्हणून तापमानाचा सेन्सर चार्जरवर नव्हे, तर बॅटरीवरच चिकटवावा.

नोंदींचे मोल

या साऱ्या तपासणीला महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती निर्दोष स्थितीतील आकड्यांची नोंद. नौका बंदरात असताना, सर्व काही सुरळीत असताना, इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर अल्टरनेटरचे व्होल्टेज, बॅटरीचे व्होल्टेज, प्रवाह आणि धन व ऋण बाजूंची घट लॉगबुकात लिहून ठेवली, तर समुद्रात शंका येताच तुलनेला आधार मिळतो, आणि घाईत चांगली बॅटरी किंवा अल्टरनेटर काढून टाकण्याची वेळ येत नाही. हातातील कडे-अंगठी काढूनच टर्मिनलला हात लावण्याची सवयही याच शिस्तीचा भाग आहे, कारण १२ व्होल्टचा झटका जाणवत नसला, तरी शॉर्टसर्किटमध्ये वाहणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह धातू लालभडक करतो.

येथील विवेचन शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज बहुतेक काळ जवळपास स्थिर राहत असल्याने तिची भरलेली स्थिती व्होल्टेजवरून ओळखता येत नाही, आणि ती भरभरून प्रवाह ओढत असल्याने अल्टरनेटर तापून जळण्याचा धोका असतो. तिच्या चार्जिंगची स्वतंत्र पथ्ये पुढील लेखांकात पाहता येतील.