घरातील ज्येष्ठ आंदोलनाला निघतात तेव्हा

२०२१च्या सुरुवातीचे दिवस आंदोलनांचे होते. २३ जानेवारी २०२१ रोजी अखिल भारतीय किसान सभेचा वाहन मोर्चा नाशिकहून निघाला. रात्री इगतपुरीजवळ घाटनदेवीला मुक्काम करून आणि कसारा घाट पायी उतरून मंडळी मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचली. आमच्या पारनेर तालुक्यात तर अण्णा हजारे, तेव्हा वय ८३, ३० जानेवारीपासून राळेगणसिद्धीत उपोषणास बसणार होते. ते आदल्या दिवशी स्थगित झाले. तत्पूर्वी त्यांनी समर्थकांना केलेली एक सूचना आपण ध्यानात ठेवावी अशी आहे : कोरोनामुळे राळेगणला गर्दी न करता आपापल्या ठिकाणीच आंदोलन करावे.

सुप्यासारख्या गावात या विषयावरून घरोघरी वाद होतात. मुलगा म्हणतो, या वयात कशाला? ज्यांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडून संसार सावरला, त्या वडिलांना हा प्रश्न झोंबतो, आणि झोंबावा असाच तो आहे. केवळ वय पुढे करून कोणाला घरी बसवू नये, प्रकृती पाहावी. डायलिसिस चालू असेल, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, कर्करोगाचे उपचार सुरू असतील, जिना चढताना धाप लागत असेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर गर्दीत जाऊ नये. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, परंतु तेव्हा ज्येष्ठांची पाळी अजून यावयाची होती. अशांनी गावच्या पारावर, दोन हातांचे अंतर राखून, फलक घेऊन तासभर बसावे. तेही आंदोलनच आहे.

जे जाणारच आहेत, त्यांना धोका मैदानापेक्षा वाटेत अधिक असतो. उघड्या मैदानावर वारा असतो. काचा लावलेल्या जीपमध्ये दहा जण दोन-तीन तास एकमेकांचा श्वास घेतात. थंडी वाजली तर कानटोपी चढवावी, पण काचा उघड्या ठेवाव्यात. मुक्कामी बंद सभागृहापेक्षा ओसरी किंवा मोकळा मंडप बरा. जेवताना सर्वांचेच मास्क उतरतात, म्हणून दाटीच्या पंगतीत न बसता ताट घेऊन बाजूला जावे. घोषणा देताना तोंडातून तुषार दूरवर उडतात, आणि नेमका त्याच वेळी मास्क हनुवटीवर आलेला असतो. घोषणांचे काम हलगीवर सोपवले तर माझ्यासारख्या डॉक्टरला आनंदच होईल! घामाने भिजलेला मास्क निरुपयोगी असतो. दिवसाला तीन तरी जवळ असावेत.

आता औषधांविषयी, कारण कोरोनाच्या धास्तीत याच गोष्टी राहून जातात. आपल्या गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा दोन दिवस अधिक पुरतील एवढ्या घ्याव्यात आणि त्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी, घरच्या फोन क्रमांकासह, खिशात ठेवावी. स्वच्छतागृह नसेल या भीतीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत राहू देऊ नये, तसेच बर्फाला चिकटूनही ठेवू नये.

लाक्षणिक उपोषण हा एका दिवसाचाच प्रकार, असे आपण म्हणाल. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहणे जिवावर बेतू शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे दिसले, तर साखर उतरली आहे असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग काही खाऊ घालावे. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीने उपोषणाच्या मंडपात बसावे, पण जेवून बसावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पुष्कळदा आजोबा घरीच असतात आणि मोर्चाला नातू जाऊन येतो. त्याने परतल्यावर कपडे धुवावेत, अंघोळ करावी; त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील चौदा दिवस आजोबांच्या खोलीत झोपू नये आणि त्यांच्याजवळ मास्क काढू नये. लक्षणे बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास दिसतात, म्हणून दोन दिवस बरे गेले की निर्धास्त होणे चूक आहे. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असेही नाही; एकाएकी जेवण कमी होणे, सतत झोपून राहणे, बोलण्यात गोंधळ, एवढेच दिसते. ऑक्सिमीटर लावताना बोटे चोळून गरम करावीत व नखांवर रंग नसावा. आकडा ९४च्या खाली असेल, किंवा घरातल्या घरात तीन मिनिटे चालल्यावर तो तीनने घसरत असेल, तर रात्र कितीही झालेली असो, डॉक्टरांना तेव्हाच फोन करावा.