रंकाळा: काठ सजला, पाण्याचं काय?

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम यजमानच ठरवून टाकतो. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि ऊन उतरलं की रंकाळा. पाहुण्याला विचारायची पद्धत नाही. महाद्वारातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालत सुटलं तरी थोड्या वेळात तलावाचा दगडी कठडा लागतो. कॉलेजच्या दिवसांत आमच्या खिशात एका भेळेपुरते पैसे असायचे, तेव्हाही संध्याकाळ याच कठड्यावर जायची. यंदा बऱ्याच वर्षांनी सवडीनं गेलो आणि चार-साडेचार किलोमीटरचा सगळा काठ पायी फिरलो.

इथे पूर्वी दगडाची खाण होती, तिच्यातला काळा दगड अंबाबाईच्या देवळासाठी गेला, पुढे भूकंपात जमीन खचून पाणी वर आलं, असं परंपरा सांगते. नाव आलं रंकभैरवावरून. काठावरच्या नंदीची गोष्ट मात्र प्रत्येक कोल्हापुरी पोराला पाठ असते. हा नंदी रोज गव्हाएवढा तलावाकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. हिशोब घातला तर नंदी एव्हाना पाण्यात असायला हवा होता. पण तो आहे तिथेच आहे, आणि गोष्टही.

खरा पाहण्यासारखा आहे तो संध्यामठ. पाण्यात उभा असलेला दगडी मंडप. पावसाळ्यात पुष्कळसा बुडतो, उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडा पडतो. त्याच्या खांबांवर पाण्याच्या रेघा एकावर एक उमटल्या आहेत. पाटबंधारे खात्याच्या मोजपट्टीपेक्षा म्हाताऱ्या लोकांचा या खांबांवर विश्वास जास्त. ‘औंदा लवकर उघडा पडला बघा,’ एवढ्या एका वाक्यात ते उन्हाळ्याचा अंदाज सांगून टाकतात.

पलीकडच्या काठावर माडांमागे शालिनी पॅलेस. 1931 ते 1934 या काळात राजकन्या शालिनीराजे यांच्या नावानं तो बांधला गेला. पुढे काही वर्षं तिथे हॉटेल चाललं. आमच्यापैकी कुणी आत चहा प्यायल्याचं स्मरणात नाही. पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब फुकट होतं, तेच आम्हाला परवडायचं. सिनेमावाल्यांनाही या परिसराचं वेड जुनं. ‘उषा’, ‘सावकारी पाश’, ‘प्रतिभा’ हे बाबूराव पेंटरांचे बोलपट काढणारी शालिनी सिनेटोन ही संस्था याच भागातली. काठावर राज कपूरचा पुतळा आहे, तो पाहून परगावची माणसं चकित होतात. कोल्हापूरकरांना त्यात नवल वाटत नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘वाल्मिकी’त पोरसवदा राज कपूर नारद झाला होता, म्हणजे तो आपलाच.

चौपाटी आता ओळखू येत नाही. बसायला बाकं, फिरायला फरशीची वाट, रात्री दिवे, पोरांसाठी खेळणी, फोटोसाठी सजवलेले कोपरे. सगळं झकास आहे. भेळेची चवही शाबूत आहे: कोल्हापुरी चिवड्याचा तिखट हात, वर बारीक कांदा, कैरीच्या दिवसांत कैरीच्या फोडी. शेजारी मिरची भजीची कढई, कणसाची शेगडी. तक्रार करायला जागा नाही.

तक्रार आहे ती कठड्यापलीकडची. श्याम सोसायटी आणि परताळ्याच्या बाजूनं नाल्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तलावात येत राहिलं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला आयतं खतच. मग पाणी रंग ओतल्यासारखं हिरवंगार होतं, वास सुटतो, रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो आणि सकाळी मासे उलटे होऊन तरंगतात. जलपर्णी वेगळीच, यंत्रं लावून काढली तरी चारा मिळाला की पुन्हा हजर. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, नाले वळवण्याची कामं निघाली, फरकही पडला. पण पैसा आला की तो आधी काठावर खर्च होतो, कारण दिव्यांचं उद्घाटन करता येतं, गटाराच्या पाइपाचं करता येत नाही. मी गेलो त्या संध्याकाळी चौपाटीसमोर पाणी बरं होतं. पुढे कोपऱ्यात मात्र हिरवी साय धरली होती, आणि तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य गाठीसकट अडकलं होतं.

लोकांनी मनावर घेतलं की काय होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. गणपती विसर्जनासाठी आता रंकाळ्याऐवजी इराणी खण वापरतात. सुरुवातीला कुरकुर झाली, पण मंडळं वळली. म्हणजे कोल्हापूरकर ऐकत नाही हे खोटं. त्याला नीट सांगावं लागतं.

जाणार असाल तर ऊन उतरताना जा, आणि चौपाटीवरच थांबू नका. संध्यामठाच्या बाजूला वळा. गर्दी तिथे पातळ होते. भेळ जरूर खा, कागद कुंडीत टाका. देवाची फुलं घेऊन आला असाल तर निर्माल्यकुंड शोधा आणि पिशवी घरी परत न्या. आणि कोल्हापुरातच राहत असाल तर पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला काठावर दिवे किती लावणार ते विचारू नका, उरलेले नाले कधी बंद करणार ते विचारा.