हिमस्खलन : शब्द आणि वस्तुस्थिती

मराठी भाषेला दरड परिचित आहे, हिमस्खलन नाही. 'दरड कोसळणे' हा वाक्प्रयोग सह्याद्रीच्या पावसाळ्याने घडविला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा काय घडले हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. हिमाविषयी मात्र भाषा तोकडी पडते. फारसीतून आलेला 'बर्फ' हा शब्द आपण कारखान्यातील लादीलाही लावतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमधील सुमारे १९,६०० फूट उंचीवरच्या सोनम ठाण्यावर १० जवान गाडले गेले. सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांच्यापैकी एक होते. लष्कराने दिलेल्या माहितीप्रमाणे तेथे बर्फाची प्रचंड भिंत तुटून आली होती. असा कडेलोट आणि उतारावरील हिमाचा थर घसरणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीला 'कोसळणे' हे क्रियापद शोभते. दुसरीच्या बाबतीत ते दिशाभूल करते.

संस्कृत 'स्खल्' धातूचा अर्थ अडखळणे, घसरणे असा आहे. जर्मन भाषेतील 'लाविने' हा हिमस्खलनवाचक शब्दही घसरणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापर्यंत मागे नेता येतो. पडणे नव्हे, घसरणे हेच या घटनेचे मर्म होय.

घसरते काय, हे पाहण्यासाठी हिमाचा उभा छेद डोळ्यांपुढे आणावा लागेल. प्रत्येक हिमवृष्टीचा एकेक थर साचत जातो. हिम उथळ आणि हवा अतिशीत असेल, तर जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड होतो. या तफावतीमुळे आतील बाष्प वर सरकते आणि खालच्या कणांचे जाड साखरेसारखे कंगोरेदार स्फटिक बनतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. काराकोरमसारख्या थंड, कोरड्या प्रदेशात हा कच्चा थर विशेष आढळतो. त्यावर नवे हिम पडून किंवा वाऱ्याने वाहून येऊन घट्ट झाले, की कच्च्या पायावर लादी बसविल्यासारखी अवस्था होते. वारा हे काम निरभ्र आकाशाखालीही करतो. म्हणून हिमवृष्टी थांबली याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

उतार साधारणतः ३० ते ४५ अंशांचा असला, की एका माणसाचे वजनही पुरते. पायाखाली 'धप्प' असा आवाज होतो, कच्चा थर दबतो, भेग दूरवर धावते आणि माणसासह अख्खी लादी सुटते. दरडीशी केलेली तुलना येथेच फसते. दरड माणसावर येते. गिर्यारोहणातील बहुतेक प्राणघातक स्खलने मात्र सापडणाऱ्याने किंवा त्याच्या सोबत्याने स्वतःच सोडविलेली असतात. उताराची निवड माणसाच्या हाती असल्यामुळे ही आपत्ती पुष्कळदा टाळता येण्याजोगी असते.

गाडल्या गेलेल्या माणसाला श्वास घेण्यापुरता वेळ अत्यल्प असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याची शक्यता मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फारच थोडी उरते. सोनम ठाण्यावरील लान्स नायक हनमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, हा विरळा अपवाद होता. ११ फेब्रुवारी रोजी त्यांचेही निधन झाले. दूरच्या मदतपथकापेक्षा जवळचे सोबती आणि त्यांच्या हातातील फावडेच बहुधा कामी येते. म्हणूनच धोक्याच्या उतारावरून एकेकाने जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे, असा दंडक आहे.

हिमालयात जाणाऱ्या मराठी तरुणांना ही समज देण्यासाठी नवे अवजड पारिभाषिक शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. थर, लादी, भेग, घसरण हे शब्द घरातलेच आहेत. 'बर्फ कोसळला' या वाक्यात माणूस केवळ बळी ठरतो. 'लादी सुटली' असे म्हटले, की ती कोणाच्या पावलाने सुटली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो प्रश्न पाऊल टाकण्यापूर्वी पडणे, हेच या ज्ञानाचे प्रयोजन होय.