योनिकंडू, मधुमेह आणि बुरशीनाशक गोळी

पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीस तपासणीवाचूनच फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देण्याचा प्रघात सर्वत्र रूढ झालेला दिसतो. पुष्कळदा ती वैद्याकडून नव्हे, तर औषधालयातूनच परस्पर दिली जाते. म्हणूनच हे लेखन आम्ही वैद्यबंधुभगिनी आणि औषधविक्रेते अशा उभयतांना उद्देशून करीत आहोत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात २० योनिव्यापदांचे वर्णन आहे. त्यांपैकी श्लैष्मिकीतील कंडू व पिच्छिलता ही लक्षणे कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाशी बरीच जुळतात. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव, तीव्र कंडू, मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह आणि दुर्गंधीचा अभाव असे चित्र असल्यास बुरशीनाशकाचा विचार योग्य ठरतो. करड्या, पातळ, मत्स्यगंधी स्रावात ही गोळी निरुपयोगी होय. तीन औषधांचा तयार संच हाती ठेवून निदानाचा प्रश्नच मिटविणे हे आम्हांस तरी वैद्यकर्म वाटत नाही.

फ्लुकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलास लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखते. त्यामुळे तिची वाढ थांबते. परंतु ती ज्या क्षेत्रात पोसली जाते, ते क्षेत्र बदलत नाही.

गतवर्षी पन्नाशीतील एक रुग्णा आमच्याकडे आली. पाच महिन्यांत तिने चार वेळा ही गोळी घेतली होती. प्रत्येक वेळी थोडे दिवस आराम, की पुन्हा तीच कंडू. मधुमेहासाठी ती ग्लिमेपिराइड घेत असे. त्यात डापाग्लिफ्लोझिनची भर पडली होती. हे औषध साखर मूत्रावाटे बाहेर टाकते व ती साखर स्थानिक बुरशीस पोषक ठरते. भारतात २०२० मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर ते स्वस्त झाले, तेव्हा अशा रुग्णा आता आपणा सर्वांकडे येणारच. चौथ्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिला घाम सुटून भोवळ आली होती. फ्लुकोनॅझोल ग्लिमेपिराइडचे यकृतातील विघटन मंदावते व रक्तातील साखर अवाजवी उतरू शकते. भोवळ त्यामुळेच आली असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण तो प्रश्न तिला कोणी विचारलाही नव्हता. डापाग्लिफ्लोझिन आम्ही परस्पर बंद केले नाही. तिच्या मधुमेहतज्ज्ञांस पत्र दिले. त्यांनी औषध बदलले. आम्ही क्लोट्रिमॅझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या योनिवर्ती सात रात्री योजल्या. त्यानंतर तक्रार एकदाच उद्भवली.

वर्षातून तीन वा अधिक वेळा त्रास झाल्यास स्रावाची प्रयोगशाळेत तपासणी करवावी, कारण कॅन्डिडाच्या काही जाती या गोळीस दाद देत नाहीत. संसर्ग निश्चित झाल्यावर तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन मात्रा आणि नंतर सहा महिने आठवड्यास एक, असा प्रतिबंधक क्रम आहे. तो थांबविल्यावर अनेकींना पुन्हा त्रास होतो, हे रुग्णेस आधीच सांगावे. तसेच जंतुनाशक द्रावणाने रोज योनिधावन करण्याची सवय सोडवावी. धावन हे चिकित्साकर्म आहे, नित्याचा स्नानविधी नव्हे.

गर्भिणीस पोटात घेण्याची गोळी टाळून सात दिवसांची स्थानिक चिकित्साच द्यावी. औषधविक्रेत्यांना एवढीच विनंती, की चिठ्ठी असली तरी गोळी देण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : दिवस गेले आहेत का, आणि साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. उत्तर होकारार्थी आल्यास चिठ्ठी लिहिणाऱ्यास दूरध्वनी करावा.