तृतीयपंथी रुग्ण आणि लैंगिक आरोग्य

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो भाविकांच्या मेळ्यात तृतीयपंथीयही जोतिबाचरणी लीन होतात. देवाच्या दारी निःसंकोच येणारी ही पावले रुग्णालयाच्या दारी मात्र अडखळतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२२ टक्के, तर तृतीयपंथीयांमध्ये ३.१४ टक्के होते. याचे कारण त्यांची ओळख नव्हे. घर तुटणे, पोटासाठी देहविक्रय, निरोधाचा आग्रह धरता न येणे आणि उपहासाच्या भयाने तपासणी टाळणे, ही खरी कारणे होत.

विलंब घातक ठरतो. गरमीच्या आजारात व्रण आपोआप भरतो, जंतू मात्र शरीरात राहतात. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तो पूर्ण बरा होतो. एचआयव्हीवरील औषधे शासकीय केंद्रांत २००४ पासून विनामूल्य मिळतात. नियमित उपचारांनी विषाणू चाचणीत न आढळण्याइतके घटले व तसेच राहिले, की लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

संमतीविना चाचणी व गोपनीयतेचा भंग यांस २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. तथापि विश्वासाचा आरंभ केसपेपरच्या खिडकीपाशीच होतो, असे आम्ही मानतो. रुग्ण सांगेल त्याच नावाने हाक मारावी, तपासणी आडोशास व्हावी, प्रश्न आजारापुरतेच असावेत. यास द्रव्य फारसे लागत नाही.

कुटुंबीयांस आमची नम्र विनंती आहे: आपल्या लेकरास एकटे पाठवू नका, सोबत या.