नट लहान, काम महान!

दोस्तांनो, एक प्रश्न. गाडी चार चाकांवर पळते हे ठाऊक आहे, पण ती चाकं कशाच्या जोरावर जागेवर राहतात? जरा वाकून बघा. चाकाच्या मधोमध चार-पाच नट दिसतील, अंगठ्याएवढे. (प्लॅस्टिकची व्हीलकॅप असेल तर त्या आत लपलेले असतात.) बस्स, एवढ्यांच्या भरवशावर आपण आंबा घाट चढतो!

कॅनडासारख्या बर्फाळ देशांत हिवाळ्याआधी लोक हे नट नीट पारखून घेतात. कारण काय, तर मीठ! साधं पाणी 0 अंशाला गोठतं, खारट पाणी मात्र त्याहून बरंच खाली. म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ पसरतात, बर्फ वितळतो, आणि ते खारं पाणी उडून चाकांना लागतं.

रत्नागिरीत कुठला आलाय बर्फ, असं म्हणाल. बर्फ नाही, पण मीठ? मांडवीला तासभर उभे राहा आणि ओठांवरून जीभ फिरवून बघा! शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथेच वर्षानुवर्षं गंजत राहिलं. तेही लोखंडच, आणि नटही लोखंडाचाच.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. खाऱ्या पाण्यातून वीजभार सहज वाहतो, म्हणून हेच काम झपाट्यानं होतं. दोन खिळे घ्या, एक साध्या पाण्यात अर्धा बुडवा, दुसरा मिठाच्या पाण्यात. आठवडाभर रोज बघा. तिसरा खिळा पत्र्याला मारतात तसला, जस्ताचा मुलामा दिलेला, घेतलात तर आणखी मजा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मोठा दिलदार धातू, नाही का?

म्हणून नट घेताना जस्ताचा मुलामा असलेला बरा. चकचकीत क्रोमचा दिसतो झकास, पण क्रोमला चीर गेली की खालचं लोखंड मुकाट्यानं गंजतं. काही नटांवर पातळ पत्र्याची टोपी चढवलेली असते. तिच्या आत गंज फुगला की पाना बसतच नाही! आता कल्पना करा, जुलैचा पाऊस, हातखंब्याच्या पुढे टायर पंक्चर, स्टेपनी तयार, आणि पाना नटावर चढत नाही. मी तर असला टोपीवाला नट फुकट मिळाला तरी घेणार नाही.

मुलामा झाला, आता माप. 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टवर आट्यांमधलं अंतर कधी 1.25, कधी 1.5 मिलिमीटर असतं. दिसायला जुळी भावंडं! चुकीचा नट जोरानं फिरवलात की आटे गेलेच. नटाची चाकाला टेकणारी बाजूही कुठे निमुळती, कुठे गोलसर असते. ती चाकाच्या भोकाशी जुळली नाही तर नट हळूहळू सैल होतो आणि चाक डगमगू लागतं. म्हणून दुकानात जुना नट सोबत न्यायचा. अलॉयचं चाक नवं बसवलं असेल तर मात्र जुन्या नटावर विसंबू नका, त्याला वेगळा नट लागू शकतो.

गंजू नये म्हणून आट्यांना भरपूर तेल चोपडायची आपल्याकडे हौस. पण बहुतेक कंपन्या आटे कोरडेच ठेवायला सांगतात. तेलामुळे नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो. लहान गाडीला साधारण किती जोर लागतो? अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोची तांदळाची पिशवी टांगली तर जेवढा, तेवढा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आवळताना शेजारचा नट नाही, समोरासमोरचा घ्यायचा, म्हणजे चाक सरळ बसतं. आणि शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी बाबांना किंवा आईला म्हणा, चला, नट मोजू या. आणि हो, स्टेपनीत हवा आहे का तेही बघा, ती हमखास विसरतात!